घरच्या चुलीवरचा व्हीगन स्वयंपाक



संयोजकांनी या वर्षी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "सर, यंदा कांट नको, जरा घरगुती विषय घ्या." म्हणून आज घरातल्याच विषयावर बोलतो. घरी व्हीगन स्वयंपाक करण्याचे फायदे काय, आणि त्याला अटी कोणत्या, हे मला तुमच्यापुढे मांडायचं आहे. मी आहारतज्ज्ञ नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. स्वयंपाक मात्र सत्तरी ओलांडल्यावर शिकलो, आणि तोही नाइलाजाने.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सौ. अंगणात घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. मदतीला नात आली पुण्याहून. ती आल्या आल्या म्हणाली, "आजोबा, मी व्हीगन झालेय. दूध, दही, तूप काही चालत नाही." मी मनात म्हटलं, झालं! आता हिला घालायचं काय? हे शहरातलं नवं खूळ, असंही वाटलं. पण सौ. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, अंबाडीची भाजी. यात दूध आहे कुठं?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही इतकी वर्षं वर्गात अहिंसा शिकवलीत. आता जरा भाकरी थापून बघा."

आधी शब्द नीट समजून घेऊ. शाकाहारी आणि व्हीगन यांत फरक आहे. आपण ज्याला शाकाहार म्हणतो त्यात दूध, दही, ताक, तूप, पनीर, मध सगळं बसतं. व्हीगन माणूस प्राण्यापासून मिळणारं काहीच खात नाही. हा शब्द 1944 मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. इंग्रजीतल्या 'व्हेजिटेरियन' शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं घेऊन तो बनवला. आपल्याकडे पाकिटावर जो हिरवा ठिपका असतो, तो शाकाहाराचा. त्यात दुधाची पावडर असू शकते. व्हीगन पदार्थांसाठी आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये वेगळे नियम केले आणि वेगळं चिन्ह ठरवलं. म्हणजे हिरवा ठिपका बघून निर्धास्त व्हायचं नाही, मागचं बारीक अक्षर वाचायचं.

शब्द बाहेरचा आहे, पण स्वयंपाक बाहेरचा नाही. सोलापूर जिल्हा हा कमी पावसाचा, वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरचा. इथली काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. मंगळवेढ्याची मालदांडी तुम्हाला सांगायला नको. तिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुष्काळात राजाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच मंगळवेढ्याची. ज्वारीबरोबर तूर, हरभरा, हुलगा, करडई, जवस, शेंगा. या सगळ्यातून जो रोजचा स्वयंपाक उभा राहिला, त्यात कडक भाकरी आहे, उखळात कुटलेली शेंगाची चटणी आहे, हुलग्याचं माडगं आहे, शेंगोळे आहेत, डाळवांगं आहे, जवसाची नि कारळाची चटणी आहे. अंबाडीचंच घ्या. मराठी घरात ती अंबाडी, अक्कलकोटकडच्या कानडी घरात पुंडीपल्ल्या, आणि पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरात गोंगुरा. तीन भाषा, भाजी एकच, आणि तिच्यात दुधाचा थेंब नाही.

याचा अर्थ आपले पूर्वज व्हीगन होते असा मुळीच नाही. धपाट्याबरोबर दही लागायचं, वेळ अमावास्येच्या आंबिलात ताक असायचं, पुरणपोळीवर तूप असायचं, आणि अनेक घरांत मटणही शिजायचं आणि शिजतं. सांगायचं एवढंच की गिरणी कामगाराच्या, विडी वळणाऱ्या बाईच्या, शेतमजुराच्या घरात दूध-तूप हे सणाचं होतं. रोजचं ताट वनस्पतींवरच चालायचं. ते गरिबीमुळे होतं, तत्त्वामुळे नव्हतं. पण त्या गरिबीत बायकांनी जी अक्कल लावली, ती आज आपल्याला तयार मिळते. व्हीगन व्हायचं म्हणजे महागाचं बदामदूध आणि पाकिटातलं नकली मांस, असं समजण्याचं कारण नाही.

आता फायद्यांकडे येतो.

पहिला फायदा, आपण काय खातो ते कळतं. तुम्ही म्हणाल, हे काय मोठं सांगितलंत? पण बघा, वडापाव व्हीगनच आहे. मिरचीची भजी व्हीगन आहेत. वनस्पती तुपात तळलेला पदार्थही व्हीगन आहे. बटाट्याचे वेफर्स खाऊन माणूस जन्मभर व्हीगन राहू शकतो आणि तब्येतीची वाट लावू शकतो. तेव्हा 'व्हीगन' म्हणजे आपोआप 'आरोग्यदायी' हे समीकरण चुकीचं आहे. विषयातला 'घरी' हा शब्द म्हणून महत्त्वाचा. हॉटेलात रस्सा दाट कशाने केला, पावाला काय फासलं, तेल कितव्यांदा तापवलं, हे आपल्याला माहीत नसतं. घरी तेलाची किटली आपल्या हातात असते आणि मीठही आपणच घालतो.

दुसरा फायदा शरीराचा. इथे थोडं गणित करू. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं असतात. दिवसभरात चार भाकऱ्या, म्हणजे तीनशे ग्रॅम पीठ धरलं, तर तीस ग्रॅम झाली. साठ ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, त्यातून तेरा. मूठभर शेंगदाणे, त्यातून सात. झाले पन्नास. पण ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा एक घटक कमी असतो, आणि तो डाळींत भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर पिठलं किंवा आमटी खाण्याची जी रीत आहे ती नुसती चवीची नाही. भाकरी आणि नुसता ठेचा यावर रोज भागवलं तर पोट भरेल, पोषण होणार नाही. शिवाय ज्वारीत आणि कडधान्यांत तंतुमय भाग भरपूर आहे, जो दुधात-मांसात नसतो. माझ्या वयाच्या लोकांना त्याचं महत्त्व सकाळी सकाळी कळतं.

लोह मिळतं ते भाजीतून, हुलग्यातून. वनस्पतीतलं लोह अंगी लागायला सोबत लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. कॅल्शियमसाठी लोक दुधाकडे बोट दाखवतात आणि ते बरोबरच आहे. दूध सोडल्यावर ही जागा विचारपूर्वक भरावी लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात हजाराच्या वर. मात्र तिळातलं सगळं शरीर उचलत नाही, आणि तीळ आपण शंभर ग्रॅम खातही नाही. तेव्हा तीळकूट, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, मेथी असं आलटून पालटून रोज काहीतरी हवं.

आणि आता एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण तिथे हयगय झाली तर नुकसान होतं. बी-बारा जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. तिळातून नाही, अंबाडीतून नाही, आपल्या कुठल्याही भाकरीतून नाही. त्याची कमतरता हळूहळू येते. थकवा, पायांना मुंग्या, विसरभोळेपणा. म्हातारपणी तर शोषणही कमी होतं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकतं. म्हणून व्हीगन व्हायचं तर रक्त तपासायचं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-बाराची गोळी घ्यायची. मी घेतो. गोळी घेतल्याने तत्त्व बाटत नाही. लहान मुलं, गरोदर बाया, मोठ्या आजारातून उठलेली माणसं यांच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग करू नये. आणि शेंगदाण्यांना बुरशी आली असेल तर ते निवडून उरलेले वापरायचे नाहीत, सगळेच टाकायचे. त्या बुरशीचं विष भाजल्यानेही पुरतं जात नाही.

तिसरा फायदा खिशाचा. आमच्याकडे रोज लिटरभर दूध यायचं. साठ-पासष्ट रुपयांचा हिशेब धरा, महिन्याला अठराशे-दोन हजार. तूप, पनीर वेगळं. त्या पैशात दोन माणसांची ज्वारी, डाळ, शेंगा आरामात येतात. दुधाच्या जागी काय? शेंगदाणे रात्री भिजवायचे, सकाळी वाटायचे, फडक्यातून गाळायचे, उकळायचे. हे शेंगांचं दूध कालवणात, लापशीत छान लागतं. चहात मात्र नाही जमलं. खोटं कशाला सांगू? मी पंधरा दिवस प्रयत्न केला आणि मग आलं घातलेल्या कोऱ्या चहावर आलो. सौ. अजूनही दुधाचाच चहा घेतात. त्यावरून आमच्यात भांडण नाही.

चौथी बाजू नीतीची. यावर मी आयुष्यभर बोललो, पण विचार केला तो तव्यापाशी उभं राहिल्यावर. आपल्याच सोलापुरात जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत मोठमोठे ग्रंथ छापले. त्यांतच 1949 साली कृष्णकांत हंदिकी यांचा 'यशस्तिलक'वरचा इंग्रजी ग्रंथ आला. 'यशस्तिलक' हे सोमदेवसूरींचं दहाव्या शतकातलं संस्कृत चंपूकाव्य. त्यात राजा यशोधराची गोष्ट आहे. त्याची आई त्याला पशुबळी द्यायला सांगते. तो नाही म्हणतो. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. प्राणी एकही मेला नाही. तरीही पुढच्या जन्मोजन्मी माय-लेकरांना पशुयोनीत फिरावं लागतं, कारण मारण्याचा संकल्प तर झाला होता.

तुम्ही पुनर्जन्म माना किंवा मानू नका, मी स्वतः त्याबाबत साशंक आहे. पण कथेतला मुद्दा घ्या. सोमदेवांना कोंबडा कशाचा होता यापेक्षा करणाऱ्याच्या मनात काय होतं ते महत्त्वाचं वाटलं. आता हा मुद्दा उलटा करून आपल्या ताटाला लावा. दुधाचा पेला घेताना आपल्या मनात हिंसा नसते. मनात काहीच नसतं. गाय-म्हैस दूध देते ती वासरू किंवा रेडकू झाल्यावर. रेडा झाला तर त्याचं काय होतं? म्हैस आटली की ती कुठे जाते? मी सत्तर वर्षं दूध प्यायलो आणि हे कधी विचारलं नाही. दुष्ट म्हणून नव्हे, विचारण्याची वेळच आली नाही म्हणून. घरी स्वतः रांधायला लागलं की एकेक वस्तू हातात येते आणि ही कुठून आली, असं मनात येतं. तो प्रश्न पडणं, हा मला सगळ्यांत मोठा फायदा वाटतो. उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल. परंपरेने जैन घरांतही दूध चालत आलेलं आहे, म्हणजे इतक्या बारकाईने विचार करणाऱ्यांनीही रेघ वेगळ्या जागी ओढली. रेघ कुठे ओढायची ते आपण ठरवू, पण ती डोळे उघडे ठेवून ओढू.

पर्यावरणाचंही थोडक्यात सांगतो. 2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पुअर आणि नेमेचेक यांचा अभ्यास आला, 119 देशांतल्या सुमारे अडतीस हजार शेतांच्या माहितीवर. जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे एक चतुर्थांश अन्नव्यवस्थेतून येतात, आणि त्यात प्राणिज अन्नाचा वाटा फार मोठा, असा त्याचा निष्कर्ष. ही जगाची सरासरी. आपल्या दोन म्हशींच्या गोठ्याला ती जशीच्या तशी लावता येणार नाही, पण दिशा कळते.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. हेच व्याख्यान मी मोहोळ तालुक्यातल्या एका गावात दिलं होतं. संपल्यावर एक शेतकरी उभे राहिले. म्हणाले, "सर, ज्वारीला भाव मिळंल न मिळंल, दुधाचा पगार दर दहा दिवसाला येतो. पोरीची फी त्याच्यावर चालती. तुम्ही सगळ्यांनी दूध सोडलं तर आम्ही काय करायचं?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. ते पुढे म्हणाले, "आणि ज्वारी तरी आम्ही नुसती तुमच्या भाकरीसाठी पेरतो का? कडबा नको का जनावरांना?"

ते खरं आहे. ज्वारीचं गणित कडब्याशिवाय पुरं होत नाही. ज्या भाकरीला मी प्राण्यांवाचूनची म्हणतो, तिच्या मागेही बैल आहे, शेणखत आहे. आपला आहार जनावरांपासून पूर्ण सुटा करता येईल, हा माझा भ्रम त्या माणसाने दूर केला. मग मी घरी येऊन दोन गोष्टी ठरवल्या. एक, दुधाचे वाचलेले पैसे बँकेत ठेवायचे नाहीत. ते ज्वारी, हुलगा, शेंगा पिकवणाऱ्याकडे जायला हवेत. आता आम्ही सुगीत वर्षाची ज्वारी थेट शेतकऱ्याकडून घेतो, त्याने सांगितलेल्या भावात, घासाघीस न करता. दुसरी गोष्ट, दूध विकून घर चालवणाऱ्याला मी उपदेश करणार नाही. माझं पेन्शन दर महिन्याला येतं. त्याला पर्याय मिळेपर्यंत त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करणं हे नीतीत बसत नाही. त्यांचा प्रश्न मात्र अजून माझ्यापुढे उभा आहे. त्याचं पुरतं उत्तर मिळालं असं मी म्हणत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची अट. हा स्वयंपाक करायचा कुणी?

भाकरी सोपी वाटते. पहिल्या दिवशी माझी भाकरी परातीतच तुटली. नातीची तव्यावर जाताना तुटली. सौ. म्हणाल्या, "पाणी उकळलं का? कोमट पाण्यात ज्वारी ऐकत नाही." त्यातलं शास्त्र नंतर कळलं. गव्हासारखं ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे पीठ आपणहून धरून राहत नाही. उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो आणि मग मळता येतं. पीठ ताजं लागतं, जुनं झालं की कडा चिरतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, सुकत आलं की उलटायची, मग आचेवर फुगवायची. मला एक धड भाकरी जमायला अठरा दिवस लागले. शेंगाची चटणी कुटताना तेल सुटेपर्यंत हात भरून येतो. कडधान्य आदल्या रात्री आठवणीने भिजवावं लागतं. हे काम सौ. आमच्या लग्नापासून करत होत्या, आणि मी शेजारच्या खोलीत बसून करुणेवर टिपणं काढत होतो.

म्हणून सांगतो, घरातल्या मुलाने किंवा नवऱ्याने व्हीगन व्हायचं जाहीर करायचं आणि आईने किंवा बायकोने दोन-दोन स्वयंपाक करायचे, हे मला मान्य नाही. म्हशीचे कष्ट दिसतात आणि बाईचे दिसत नाहीत, ही कसली करुणा? आमच्या घरात आता नियम आहे. व्रत ज्याचं, चूल त्याची. प्लास्टर निघाल्यावरही आठवड्यातले चार दिवस स्वयंपाक माझ्याकडे आहे.

शेवटचं एक पथ्य. याचं नवं सोवळं करू नका. आपल्या देशात अन्नावरून माणसाची किंमत ठरवण्याचं पाप फार झालेलं आहे. ज्याच्या ताटात मटण आहे तो आपल्यापेक्षा हलका, असं मनात आलं की अहिंसा संपली. गांधीजींचं उदाहरण आठवा. ग्वाले गाई-म्हशींना कसे छळतात हे वाचल्यावर, आणि संयमाच्या विचाराने, त्यांनी 1912 मध्ये दूध सोडलं. पुढे आजारपणात शक्ती पार गेली, तेव्हा 1919 मध्ये कस्तुरबांच्या सुचवण्यावरून त्यांनी शेळीचं दूध घेतलं. गाई-म्हशीचं सोडलं होतं, शेळीचं कुठे सोडलं होतं, अशी ती पळवाट. आपण व्रताचे शब्द पाळले, आत्मा पाळला नाही, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच मान्य केलं. एवढ्या मोठ्या माणसाला चुकता आलं आणि कबूलही करता आलं, तर आपण आपल्या नि दुसऱ्यांच्या चुकांवर काठी घेऊन बसायला नको.

सुरुवात करायची असेल तर आठवड्यातले दोन दिवस घ्या. ज्वारीची भाकरी, एक डाळ किंवा कडधान्य, एक पालेभाजी, एक तेलबियांची चटणी, लिंबाची फोड. पदार्थ नवे शोधू नका, आजीला येत होते तेच करा. आणि ते स्वतःच्या हाताने करा. पहिले काही दिवस भाकरी तुटेल. तुटलेली कुस्करून आमटीत खा, चव तीच असते.

नात पुण्याला परत गेली तेव्हा तिच्या डब्यात मी केलेल्या तीन भाकऱ्या होत्या. रात्री तिचा फोन आला, "आजोबा, एकच जरा जाड होती." मी म्हटलं, चालेल.